सात इंची की कॅसेट? आधी आकड्याचं बोलू

तुमचा प्रश्न मी असा समजलो: तिघांचा गॅरेज-पंक बँड, सरावाच्या खोलीत चार-ट्रॅक मशीनवर रेकॉर्ड केलेली ६ गाणी, सगळी मिळून ११ मिनिटं. दोघांना सात इंची रेकॉर्ड हवी आहे, तीही ५००, कारण "कॅसेट म्हणजे डेमो, रेकॉर्ड म्हणजे खरं काम". तिसरा म्हणतोय कॅसेट काढा आणि मोकळे व्हा. दोन महिन्यांवर गिग आहे, आणि सहा महिन्यांनी ड्रमर गाव सोडतोय. तर काय काढावं, आणि किती?

मी १८ वर्षं एक छोटं लेबल चालवतोय. चाळीसच्या वर गोष्टी काढल्या. त्यातल्या दोन-तृतीयांश कॅसेट, उरलेल्या बहुतेक सात इंची. तेव्हा माझं माप कॅसेटकडे झुकतं हे आधीच कबूल करतो. पण तुमची चिठ्ठी दोनदा वाचल्यावर वाटलं, तुमचं भांडण रेकॉर्ड की कॅसेट यावर चाललंय आणि घोडं अडलंय ५०० या आकड्यावर. तो आला कुठून, हे तिघांपैकी कुणीच लिहिलेलं नाही. माझा अंदाज, प्रेसिंगवाल्याच्या, म्हणजे रेकॉर्ड दाबून देणाऱ्या कारखान्याच्या दरपत्रकातून. तिथे ३०० आणि ५०० यांत किरकोळ फरक दिसतो आणि माणूस म्हणतो, एवढं करतोच आहोत तर होऊन जाऊ दे.

तो फरक किरकोळ का दिसतो? रेकॉर्ड काढताना आधी लॅकरच्या तबकडीवर खाच कोरतात, तिच्यावर चांदीचा पातळ थर देतात, मग त्यावरून निकेलचे साचे काढत शेवटी स्टॅम्परपर्यंत, म्हणजे रेकॉर्ड दाबणाऱ्या साच्यापर्यंत पोचतात. हा खर्च १०० रेकॉर्डना जेवढा, जवळपास तेवढाच १,००० ना. समजा हा एकदाचा खर्च २०० तबकड्या दाबण्याच्या खर्चाएवढा आहे. मग ३०० काढल्या तर एकूण खर्च ५०० तबकड्यांएवढा, ५०० काढल्या तर ७०० एवढा. नगामागे १.६७ आणि १.४. स्वस्त पडलं की! पण भागायचं ते खपलेल्या प्रतींनी. दोन्ही वेळा १५० च खपल्या, तर पहिल्या हिशोबात खपलेली प्रत ३.३३ ला पडते आणि दुसऱ्यात ४.६७ ला. वर साडेतीनशे तबकड्या घरात. वेष्टनासकट एक तबकडी पन्नासेक ग्रॅमची धरली तरी साडेसतरा किलो.

हे वजन मी उचललेलं आहे. लेबलच्या तिसऱ्या वर्षी एका बँडच्या ५०० सात इंची दाबून घेतल्या. त्या येईपर्यंत सात महिने गेले, आणि रेकॉर्ड यायच्या तीन आठवडे आधी गिटारवाला आणि गायिका यांचं कायमचं बिनसलं. गिग नाहीत, टूर नाही. एकशे ऐंशीच्या आसपास गेल्या, बाकीच्या तीन घरं बदलली तरी माझ्याबरोबर आहेत. रेकॉर्ड आजही झकास वाजते, ते दुःख वेगळंच.

तुमचे दोघे मित्र इतिहास काढतील, म्हणून तोही बघू. इंग्लंडच्या बझकॉक्स या पंक बँडने १९७७ च्या जानेवारीत स्वतःच्या खर्चाने सात इंची काढली ती १,००० ची; त्यासाठी घरच्यांकडून आणि मित्रांकडून ५०० पौंड उसने घेतले होते. त्या भराभर संपल्या आणि पुढे हा आकडा १६,००० वर गेला. वॉशिंग्टनच्या टीन आयडल्स या बँडने १९८० मध्ये तेच केलं. बँड तर तेव्हा मोडलेलाच होता. गिगचे साठलेले सहाशेच्या आसपास डॉलर वाटून घ्यायचे की रेकॉर्ड काढायची एवढाच प्रश्न होता. त्यांनी १,००० काढल्या, मित्रांना बसवून वेष्टनं कात्रीने कापून, दुमडून चिकटवली, आणि त्यातून डिस्कॉर्ड हे लेबल उभं राहिलं. क्रास या इंग्लिश पंक बँडच्या १९७८ च्या पहिल्या रेकॉर्डच्या तर नावातच ५,००० आहे, कारण त्याहून कमी दाबून मिळत नव्हत्या.

मग आपण ५०० ला का घाबरायचं? कारण तेव्हा गावाबाहेरच्या माणसाने तुम्हाला ऐकायचं असेल तर रेकॉर्डशिवाय वाट जवळजवळ नव्हती. रेडिओवाल्याला रेकॉर्ड लागे, झाइनवाल्याला, म्हणजे घरगुती छोटी मासिकं काढणाऱ्याला, परीक्षणासाठी रेकॉर्ड लागे. आज ऐकणारा आधी फाइल ऐकतो, फुकट, आणि आवडलं तर वस्तू घेतो. म्हणजे आज वस्तू विकत घेणारा हा बहुतेक तुमचा आधीच झालेला माणूस. त्याची संख्या मोजता येते. ऑनलाइन आलेले अंगठे सोडून द्या. गेल्या पाच गिगना तिकीट काढून कितीजण आले आणि त्यातल्या कितींनी टी-शर्ट, स्टिकर, काहीतरी विकत घेतलं, ते आठवा. माझ्याकडे नव्या बँडचा हा आकडा बहुतेक वेळा ३० ते ६० मध्ये येतो. तुमचा १५० आला तर मी माझं पुढचं निम्मं उत्तर मागे घेतो, खुशाल रेकॉर्ड दाबा.

विकण्याखेरीज प्रती आणखी तीन ठिकाणी जातात. एक, बँडच्या स्वतःच्या. लेबल खर्च करत असेल तर पैशांऐवजी एकूण प्रतींच्या १० ते २० टक्के बँडला द्यायच्या, असा रिवाज अनेक छोटी लेबलं पाळतात, मीही. दोन, परीक्षणं आणि रेडिओ, फार तर दहा. आणि तीन, अदलाबदल. नवीन माणसाला हे कुणी सांगत नाही, आणि सगळा खेळ तर यावरच चालतो. मी माझ्या १० कॅसेट दुसऱ्या शहरातल्या लेबलला पाठवतो, ते त्यांच्या १० मला पाठवतात. पैसे कुणीच कुणाला देत नाही. माझ्या टेबलावर त्यांचा माल, त्यांच्या टेबलावर माझा. अशा चार-पाच देवाणघेवाणी झाल्या की तुमचा आवाज अशा गावांत पोचतो जिथे तुम्ही कधी वाजवलेलं नाही, आणि गिगला आलेल्या माणसाला तुमच्या टेबलावर निवडायला वीस गोष्टी असतात. कॅसेटला कॅसेट, सात इंचीला सात इंची, असा साधा भाव. बारा इंचीसाठी जरा घासाघीस होते.

म्हणजे १०० कॅसेट काढल्या तर १५ बँडच्या, १० परीक्षणांच्या, ३० अदलाबदलीच्या आणि विकायच्या फक्त ४५. हा आकडा गिगच्या हिशोबाशी जुळतो बघा. तुम्ही स्वतःच खर्च करताय, तेव्हा पहिल्या खेपेला ५० पासून सुरुवात केलीत तरी चालेल, कारण कॅसेट संपल्या की पुढच्या ५० घरीच भरता येतात. रेकॉर्डच्या बाबतीत ही सोय नाही.

आता आवाजाचं. इथे ११ मिनिटं ही तुमची खरी अडचण आहे. सहा गाणी दोन बाजूंना वाटली की बाजूला साडेपाच मिनिटं. सात इंचीवर ४५ च्या वेगाने (मिनिटाला ४५ फेऱ्या) चार, फार तर साडेचार मिनिटांपर्यंत आवाज दणकट कोरता येतो. त्यापुढे खाचा जवळजवळ आणाव्या लागतात, आणि त्यासाठी पातळी खाली घ्यावी लागते. ३३ वर साडेपाच मिनिटं आरामात बसतात, पण किंमत मोजून. ४५ वर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ४० सेंमी खाच सरकते, ३३ वर सुमारे २९. आतल्या गाण्यापर्यंत पोचेस्तोवर ती १९ च्या आसपास उरते. तेवढ्याच जागेत झांजांचा सगळा झणझणाट बसवायचा असतो, आणि तो बसत नाही; त्याचा "श्श्श" होतो. गायकाचे "स" आणि "श" सुद्धा तिथेच फाटतात. टीन आयडल्सच्या त्या सात इंचीवर आठ गाणी होती, पण ती सगळी मिळून नऊएक मिनिटांत आटोपत होती. तुम्हाला रेकॉर्डच हवी असेल तर सहातली चार निवडा, ४५ वर कोरा आणि सगळ्यात गोंगाटाचं गाणं बाजूच्या सुरुवातीला ठेवा. कुठली दोन गाळायची यावर तुमचं नवं भांडण होईल, ते मी सोडवणार नाही.

गॅरेजवाल्यांचा एक गैरसमज इथेच दूर करतो. "आम्हाला खरखरीतच हवंय, मास्टरिंग कशाला?" गिटारची खरखर तुमची आहे, ती ठेवा. मास्टरिंगवाला, म्हणजे छपाईआधी शेवटचा आवाज तपासून नीट करणारा, बघतो ते वेगळं. खालचे स्वर, साधारण १५० हर्ट्झच्या खालचे, दोन्ही कानांत सारखे आहेत ना. नसतील तर सुई वर-खाली उड्या मारते आणि खाचेतून बाहेर पडते. आणि मिक्स आधीच लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं साधन) लावून विटेसारखा सपाट केलेला नाही ना. सपाट केलेला मिक्स रेकॉर्डवर जोरात वाजत नाही, उलट मऊ वाजतो, कारण कोरणाऱ्याला पातळी आणखी उतरवावी लागते. म्हणून लिमिटर न लावलेले मिक्स जपून ठेवा, रेकॉर्ड काढा अथवा न काढा.

कॅसेटचं गणित निराळं. फीत सेकंदाला ४.७६ सेंमी पळते, बस्स. वरचे स्वर साध्या फेरिक (लोहाच्या ऑक्साइडच्या) टेपवर कमी होतात आणि मागे सळसळ राहते. पण सळसळ ऐकू येते ती शांत जागी, आणि तुमच्या ११ मिनिटांत शांत जागा किती आहेत? फितीवर आवाज थोडा जास्त जोरात भरला की ती ड्रमचे टोकदार फटके आपसूक दाबते, आणि पंकला ते बहुधा शोभतं. तुमचा मूळ आवाज चार-ट्रॅक कॅसेटवरच घेतलेला आहे, म्हणजे तो या वाटेने एकदा जाऊन आलाय. डॉल्बी, म्हणजे टेपची सळसळ कमी करणारी डेकमधली सोय, मात्र लावू नका. ऐकणाऱ्याच्या यंत्रात ते असेल-नसेल, आणि भरताना लावून वाजवताना नसलं की सगळं कर्कश होतं.

११ मिनिटांसाठी माझी आवडती युक्ती अशी: सी-२४ घ्या, म्हणजे बाजूला १२ मिनिटं, आणि दोन्ही बाजूंना तीच सहा गाणी भरा. ऐकणाऱ्याला मागे गुंडाळत बसावं लागत नाही. कॅसेट कुठल्याही बाजूने लावली तरी पहिलं गाणं समोर. दुसरा मार्ग डेड केनेडीज या अमेरिकन पंक बँडचा. त्यांनी १९८१ च्या कॅसेटची दुसरी बाजू कोरीच ठेवली आणि वर छापलं की घरच्या टेपिंगमुळे रेकॉर्ड कंपन्यांचा नफा बुडतोय, तुम्हालाही हातभार लावता यावा म्हणून ही बाजू मोकळी सोडली आहे. गंमत छान, पण ती एकदाच करण्यासारखी होती.

भरायचं घरीच, एकास-एक वेगाने. दुप्पट वेगाने भरणारे डेक मिळतात. त्यांनी वरचे स्वर आणखी जातात, मी वापरत नाही. ५० कॅसेट, दोन बाजू, १२ मिनिटं: १,२०० मिनिटं, म्हणजे एका डेकवर २० तास. मित्रांचे मागून चार डेक जमले तर पाच तास, आणि तेवढ्या वेळात जे-कार्ड, म्हणजे कॅसेटच्या डबीतले छापील कागद, दुमडून होतात. दर दहा कॅसेटींनी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. फितीच्या सुरुवातीला काही सेकंद नुसता लीडर, म्हणजे चुंबकीय थर नसलेली पट्टी असते, तिच्यावर काही भरलं जात नाही. ती पुढे सरकवून मगच सुरू करा, नाहीतर ड्रमरचं "वन टू थ्री फोर" गेलंच.

एक चूक माझी ऐका, म्हणजे तुमची वाचेल. एकदा ६० कॅसेट भरल्या, माझ्या डेकवर ऐकल्या, सुंदर. वाटल्या. आठवड्याभरात तीन ठिकाणांहून तक्रार: आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतोय. माझ्या डेकचं हेड किंचित तिरकं झालं होतं. त्याच तिरक्या हेडने भरलेलं त्याच हेडवर स्वच्छ वाजतं, दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर वरचे स्वर गायब. हेडच्या या कोनाला अझिमथ म्हणतात. चांगल्या स्थितीतल्या कारखान्यात भरलेल्या दोन-तीन कॅसेट लावा, आवाज मोनो करा, आणि हेडशेजारचा स्क्रू झांजा सगळ्यात लखलखीत ऐकू येईपर्यंत अगदी हलक्या हाताने फिरवा. मग आपली पहिली कॅसेट भरून ती दुसऱ्या दोघांच्या यंत्रांवर वाजवून बघा. बाकीच्या ४९ त्यानंतर.

रेकॉर्ड काढलीत तर याच जागी टेस्ट प्रेसिंग येतं, म्हणजे कारखाना आधी तपासायला दाबून देतो त्या साधारण पाचेक प्रती. त्या भेट म्हणून वाटायच्या नसतात, दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकायच्या असतात, वेगवेगळ्या टर्नटेबलवर. टक आवाज पाचही प्रतींत एकाच जागी येत असेल तर दोष साच्यात. एकाच प्रतीत असेल तर त्या प्रतीपुरता. लांबवलेला सूर डुलत असेल तर भोक मध्यावर नाही. मी एकदा घाईत फक्त ए बाजू ऐकून होकार कळवला. बी बाजूच्या पहिल्या गाण्यात ३०० च्या ३०० प्रतींत टक आहे. होकार दिल्यावर दोष तुमचा, कारखान्याचा नाही, आणि ते बरोबरच आहे.

५० च्या आत राहून तबकडीच हवी, असा हट्ट असेल तर लेथ-कट हा मधला रस्ता आहे: साचा नाही, एकेक प्रत यंत्रावर गाणं वाजत असताना कोरायची. न्यूझीलंडमधल्या जेराल्डिनच्या पीटर किंग यांनी पॉलिकार्बोनेटवर अशा असंख्य छोट्या खेपा कोरून दिल्या आणि कितीतरी अनोळखी बँडची पहिली तबकडी त्यांच्या हातची आहे. आवाज दाबलेल्या रेकॉर्डपेक्षा लहान, पार्श्वभूमीत खसखस जास्त, नगामागे खर्चही बराच जास्त. वीस प्रतींची आठवण म्हणून सुरेख. तुमच्या झांजांसाठी मी सुचवणार नाही.

"कॅसेट म्हणजे डेमो" या वाक्याला माझ्याकडे फारसा आदर नाही. अमेरिकेतल्या बॅड ब्रेन्स या पंक बँडचा पहिला अल्बम १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या आरओआयआर या लेबलने कॅसेटवरच काढला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ऑलिंपिया शहरात के रेकॉर्ड्स हे लेबल सुरू झालं, तेही कॅसेटनेच. वस्तू डेमोसारखी वाटते ती निष्काळजीपणाने: मार्करने खरडलेलं नाव, वाचता न येणारं जे-कार्ड, वर्ष नाही, पत्ता नाही. कव्हरवर कोण काय वाजवतं, कुठे रेकॉर्ड केलं, कधी केलं आणि तुम्हाला लिहायचं तर कुठे, एवढं नक्की छापा. स्क्रिटी पोलिटी या इंग्लिश बँडने १९७८ च्या आपल्या पहिल्या सात इंचीच्या वेष्टनावर रेकॉर्ड काढायला आलेला खर्च कलमवार छापला होता, पुढच्याला हिशोब कळावा म्हणून. तसं करावंसं वाटलं तर करा, मला अशी वेष्टनं जपून ठेवायला आवडतात.

कुठल्या परिस्थितीत माझा सल्ला उलटा होईल? दुसऱ्या गावातलं एखादं लेबल खर्चात निम्मा वाटा उचलून १५० प्रती घ्यायला तयार असेल तर. वीसेक गिगची टूर ठरलेली असेल तर. टूरवर सात इंची खपते, कारण लोकांना तिथून काहीतरी घरी न्यायचं असतं. किंवा तुमच्याकडे बुडाले तरी चालतील असे पैसे असतील आणि साडेसतरा किलोची तयारी असेल तर. तुमच्या बाबतीत ड्रमर सहा महिन्यांनी जातोय. प्रेसिंगला किती वेळ लागेल ते त्या वेळच्या गर्दीवर असतं. २०२० च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातला लॅकर बनवणारा मोठा कारखाना जळाला आणि जगात तसा एकच उरला, तेव्हापासून मी कुणालाही तारीख छातीठोक सांगत नाही. तुमची रेकॉर्ड ड्रमरच्या निरोप-समारंभानंतर येण्याची शक्यता बरीच आहे. टीन आयडल्सचं जमलं, माझ्या त्या बँडचं नाही जमलं.

तेव्हा दोन महिन्यांनंतरच्या गिगला कॅसेट, ५०. तीन महिन्यांत त्या संपल्या आणि लोक आणखी मागत असले तर त्यातली चार गाणी घेऊन ३०० सात इंची, ड्रमर असो वा नसो. कॅसेटवर सहा गाणी होती म्हणून सात इंची कुणी घेणार नाही, ही भीती काढून टाका. माझ्या अनुभवात दोन्ही घेणारी माणसं तीच असतात.

एवढ्यात करायचं ते असं. सी-२४ लांबीच्या कोऱ्या कॅसेट ५५ मागवा, पाच हमखास बिघडतात. स्क्रूच्या खोक्याच्या मिळाल्या तर त्या घ्या, फीत अडकली तर उघडता येतात. भरून झाल्यावर वरच्या दोन्ही खाचांवरची प्लॅस्टिकची जीभ तोडा, नाहीतर कुणीतरी तुमच्यावरच दुसरं काही भरेल. अदलाबदलीच्या प्रती टपालाने पाठवताना बुडबुड्यांचं पाकीट पुरतं. पुढे सात इंची पाठवायची वेळ आली तर तबकडी वेष्टनातून बाहेर काढून, आतल्या कागदी पिशवीत घालून वेष्टनाच्या मागे ठेवा. आत ठेवली तर ती प्रवासात शिवणीवर आपटून कागद फाडते. आणि त्या चार-ट्रॅकच्या मूळ कॅसेट अजून सरावाच्या खोलीत ॲम्पवर पडलेल्या असतील तर आज उचलून आणा. स्पीकरच्या चुंबकाजवळ त्यांचं काही भलं होत नाही.